बुढीचा मासा

वैनगंगेवर पूल नव्हते, डोंग्याशिवाय पैलतीर नव्हता, त्या काळची ही गोष्ट. काठावरच्या कोसमटोल्यात अनसूबुढी नावाची ढिवरीण राहायची. तिचा गळ कधी रिकामा परतला नाही, असं म्हणतात.

तिचं कसब गांडुळं निवडण्यात होतं. ओला बांध ती हातानंच उकरायची. बोटाला झटका देईल तेच गांडूळ घ्यायची, पळसाच्या द्रोणात ओल्या मातीवर ठेवायची. गळात ओवताना शेपूट मोकळं सोडायची, कारण मासा वळवळीला भुलतो. पण ज्याच्या गळ्याशी फिकट पट्टा दिसेल ते परत मातीत. ते लेकुरवाळं, म्हणायची.

मग एका साली पाऊस रुसला. नदीचे नुसते डोह उरले. भुकेल्या लोकांनी कुदळींनी काठ खणले, दिसेल ते गांडूळ नेलं, आणि काठात गांडूळ उरलं नाही. ओल राहिली ती फक्त बुढीच्या न्हाणीमागे, सांडपाण्याच्या वाफ्यात. त्यातच तिची सून बाळंत झाली. घरात दाणा नव्हता, सुनेला दूध उतरेना. लेकरू रडायचंही थांबलं.

बुढीनं वाफा चाचपला. सगळी पट्ट्याचीच, बिनपट्ट्याचं एकच निघालं. तिचा मुलगा सुकरू कुदळ घेऊन उभा होता.

"माय, तुले गांडुळाची दया येते, माह्या लेकराची नाही येत?"

नातवाचं सुकलं तोंड बुढीलाही दिसत होतं.

"येते, म्हणून तं ठेवते. आज हे समदे नेलेस, तं उद्या त्याच्या मायले काय चारशील?"

सुकरूनं कुदळ खाली ठेवली. बुढी ते एकच गांडूळ घेऊन डोहावर गेली. तिनं गळ टाकला आणि मरळ लागली. गळ काढला तर गांडूळ तसंच, जितं. पुन्हा टाकला, पुन्हा मरळ. दिवस कलेपर्यंत त्या एका गांडुळावर टोपली भरली, असं म्हणतात. मग बुढीनं त्याला हलकेच सोडवलं आणि वाफ्यात नेऊन ठेवलं.

पहिली मरळ सुनेला शिजवली. बाकीच्या तिनं घरोघरी वाटल्या.

बुढी गेली, तिचं घरही पडलं. पण कोसमटोल्यात आजही कुणाच्याही गळाला लागलेला दिवसाचा पहिला मासा बाळंतिणीच्या दारी जातो. तो मागायचा नसतो आणि आभारही मानायचे नसतात. आणणारा उंबऱ्याशी ठेवतो, एवढंच म्हणतो, "बुढीनं धाडला."