टेम्पोच्या मापाची पेटी

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. रणधीरदादानं तसं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. मी फक्त मान हलवली होती, तोंडानं काही बोलले नव्हते. म्हणून लिहिते आहे.

"स्पीकर किती इंची घेतलास?" अण्णांनी विचारलं.

"अठरा," रणधीरदादा म्हणाला. "तुमचा पंधराचा. माझा अठराचा."

"आणि बेस?"

रणधीरदादा पेटीवरची धूळ झटकायला लागला.

अण्णा म्हणजे माझे आजोबा, धोंडीराम मेस्त्री. गडहिंग्लजला ते स्पीकरच्या पेट्या बनवतात. रणधीरदादा तीन वर्षं त्यांच्या हाताखाली शिकला. मग एक दिवस "आता मला येतंय" म्हणून निघून गेला आणि त्यानं 'रणधीर साउंड' काढलं. त्यानंतर दोन वर्षांनी तो पहिल्यांदाच आमच्या शेडमध्ये आला होता. टेम्पोतून नवी पेटी आणली होती. बरोबर ओवी होती, त्याची नऊ वर्षांची बहीण.

ओवीला ऐकू येत नाही. ती मूकबधिर शाळेत जाते. रविवारी त्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. तिथली मुलं लाकडी स्टेजवर अनवाणी नाचतात. फळ्यांतून आलेला ठेका त्यांच्या तळपायांना कळतो. ओवी सगळ्यांच्या पुढे असते आणि मागची बारा मुलं तिच्याकडे बघून पावलं टाकतात. ती चुकली की सगळी चुकतात.

गुरुवारच्या तालमीत ती मध्येच थांबली होती. रणधीरदादाच्याच पेटीवर.

"पॉवर वाढवू काय, अण्णा?"

"वाढव."

"मग बेस येईल?"

"मग कागद फाटेल."

स्पीकरच्या तोंडावर जो काळा कागद असतो, तो. अण्णांनी त्यावर चारही बोटं हलकेच टेकवली आणि दाबली. मग म्हणाले, "तू दाब."

रणधीरदादानं दाबला.

"काय वाटतंय?"

"परत ढकलतोय."

"कोण?"

"...आतली हवा."

"हं."

"पण स्पीकर चांगलाय हो! एवढा महागातला. त्या शाळेचं स्टेजच बाद असणार."

"मग इथं लाव की."

अण्णांनी जमिनीवर दोन फळ्या टाकल्या, पेटी फळ्यांच्या टोकावर ठेवायला लावली आणि ओवीला फळ्यांवर उभं केलं. रणधीरदादानं गाणं लावलं. वरचे पत्रे थरथरले. मी कान झाकले. आवाज कानात घुसत होता, पण पायांपर्यंत काही पोचत नव्हतं. निदान माझ्या तरी.

ओवी नाचली. एक पाऊल चुकली नाही.

"बघा!" रणधीरदादा ओरडला. "बघा, अण्णा! मी काय म्हणत होतो?"

अण्णा ओवीकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"केतके, तू कुठं बघत्येस?"

मला चारचौघांत बोलता येत नाही. मी नुसतं बोट दाखवलं.

रणधीरदादाचा उजवा पाय जमिनीवर ठेका धरत होता. त्याच्या नकळत. ओवीचे डोळे त्या पायावरून हलत नव्हते.

"रणधीर, पाय थांबव."

"काय?"

"पाय."

त्यानं खाली बघितलं. पाय थांबला.

ओवीनं आणखी दोन पावलं टाकली. तिसरं उचललं आणि ते तसंच राहिलं. तिनं त्याच्या पायाकडे बघितलं, मग तोंडाकडे. मग हसली आणि दोन्ही हातांनी खूण केली. ती खूण मलाही कळते. खूप छान, असं ती म्हणत होती.

रणधीरदादानं गाणं बंद केलं.

"गुरुवारी मी आत मिक्सरवर होतो," तो हळूच म्हणाला. "तिला दिसत नव्हतो..."

अण्णा उठले. कोपऱ्यातला तेलाचा रिकामा डबा त्यांनी त्याच्यापुढे ठेवला.

"भुसा भर."

"अण्णा, मी काय आता नवीन आहे?"

"भर."

आमच्याकडे पेटी तयार झाली की स्पीकर बसवायच्या आधी ती लाकडाच्या भुशानं भरतात आणि किती डबे मावले ते मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहितात. आत हवेला किती जागा आहे ते त्यावरून कळतं. ही अण्णांची पद्धत. शिकायला येणारे सगळे आधी हसतात. रणधीरदादाही हसायचा. स्वतःचं दुकान काढल्यावर त्यानं ते सोडूनच दिलं होतं.

त्यानं स्क्रू काढले. अठरा इंची स्पीकर पोत्यावर पालथा ठेवला. मग एक डबा, दुसरा, तिसरा. त्याचे नवे काळे कपडे भुशानं पांढरे झाले. मी मनात मोजत होते. सातवा डबा अर्धाही रिता झाला नाही, तोवर भुसा काठावरून सांडायला लागला.

"किती?"

"सहा... सहाच्या वर थोडा."

अण्णांनी हनुवटीनं भिंतीकडे खूण केली. तिथं त्यांची जुनी पंधरा इंची पेटी होती, कोपरे झिजलेली, जाळी पोचे पडलेली. तिच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं : नऊ.

रणधीरदादा त्या आकड्याकडे बघत राहिला.

"पण बाहेरनं माझी मोठी दिसते."

"स्पीकर बाहेर राहतो काय?"

अण्णांनी पेटीच्या काठावर अंगठा ठेवून फळीची जाडी बघितली.

"फळ्या एवढ्या जाड कशापायी?"

"खडखडू नये म्हणून. एकीवर एक, तीन बसवल्या. आतनं."

"एकच ठेवून मध्ये आडवा दांडा दिला असतास तर भागलं असतं. हवेला फट ठेवली नाहीस?"

"जागाच उरली नाही."

"मग पेटीच मोठी करायची."

"टेम्पोच्या हौद्यात दोन शेजारी शेजारी बसल्या नसत्या."

अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

"म्हणजे माप कुणाचं घेतलंस?"

ओवी सांडलेल्या भुशात बोटानं गोल काढत बसली होती.

"टेम्पोचं," रणधीरदादा म्हणाला.

"टेम्पोला नाचायचंय?"

मला हसू फुटलं. मग मी त्याच्याकडे बघितलं आणि मला माझीच लाज वाटली. त्याचे डोळे भरले होते. भुशामुळं असेल असं दाखवायला तो बाहीनं तोंड पुसत होता.

अण्णांनी जुनी पेटी फळ्यांच्या टोकावर आणायला लावली.

"आवाज निम्मा ठेव."

"निम्मा?"

"निम्मा. आणि पोरीला पाठमोरी उभी कर."

ओवीला ते आवडलं नाही. दोनदा तिनं मान वळवून भावाकडे बघितलं. त्यानं खुणेनं सांगितलं, तिकडंच बघ. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, दोन्ही मुठी आवळून.

गाणं सुरू झालं. या वेळी मला कान झाकावे लागले नाहीत. पण फळीवर सांडलेला भुसा हलायला लागला. दर ठोक्याला जरासा. शेजारच्या टेबलावरची माझी पट्टीसुद्धा सरकली.

ओवी नुसतीच उभी होती.

रणधीरदादानं अण्णांकडे बघितलं. अण्णांनी बघितलं नाही.

मग तिच्या मुठी सुटल्या. आधी टाच उचलली गेली. मग पाऊल. भिंतीकडेच तोंड करून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत नाचली, आणि गाणं संपलं त्याच ठोक्याला थांबली. थांबली तरी वळली नाही. अजून काही येतंय का, याची वाट बघत होती.

रणधीरदादा खाली बसला होता. कधी बसला ते मला दिसलं नाही.

"अण्णा, रविवारी ही पेटी नेऊ?"

"ने."

"माझी उघडून परत करीन म्हणतो. नव्यानं."

"कर."

"'रणधीर साउंड'चा बोर्ड... तुमच्या पेटीवर लावायचा नाही, होय ना?"

"लाव की. ओवीला वाचायला वेळ कुठाय?"

तो पहिल्यांदा हसला. जुनी पेटी दोघांनी उचलली. टेम्पोत ती एकटीच ठेवली, शेजारी ओवी बसली, पेटीला टेकून. तेव्हाच रणधीरदादा माझ्याकडे आला आणि भुशाच्या डब्यांचं कुठं बोलू नकोस म्हणाला. मी मान हलवली.

टेम्पो सुरू करून त्यानं परत बंद केला. खाली उतरून अण्णांच्या पुढे उभा राहिला.

"कार्यक्रमाच्या वेळी मी कुठं थांबू? समोर थांबलो तर ती माझ्याकडंच बघंल."

"तिच्या मागं थांब," अण्णा म्हणाले. "चपला काढून."

रविवारी मी तिसऱ्या रांगेत होते. पडदा उघडला. ओवी पुढे आली आणि एकदाही इकडे तिकडे न बघता तिनं पहिलं पाऊल टाकलं, तिच्यामागून बारा पावलं पडली, आणि त्या सगळ्यांच्या मागे, विंगेच्या काळोखात, रणधीरदादा अनवाणी उभा होता, त्याचे डोळे मिटलेले होते आणि त्याचा पाय या वेळी फळीतून येणाऱ्या ठेक्यावर...

"केतके! पेन ठेव ते," अण्णांनी शेडमधून हाक मारली. "रणधीरची पेटी नव्यानं झाली. ये, हात लावून बघ."