हिरवा कातळ

देवळामागे हा उतरता काळा कातळ दिसतो ना, त्याच्यावर वरपासून खालपर्यंत हिरवा ओघळ आहे. शेवाळ नाही ते. आधीच सांगते, कारण येणारा प्रत्येक जण तेच म्हणतो. नखाने खरवडून बघा, मग बोला. मी द्वारका गुरव. चाळीस वर्षे हे आवार झाडते आणि शेवाळ, शेवाळ ऐकून माझे कान किटले आहेत.

आमची कडजाई शाकाहारी देवी. नैवेद्य रांधायचा तो इथेच, कातळाच्या डोक्यावरच्या चुलवणावर. पुष्कळ पिढ्यांपूर्वी आमच्या या रानोशी गावात भिवरा नावाची बाई होती, असे सांगतात. तिची एकुलती लेक सगुणा तापाने फणफणली. नऊ दिवस पोरीने डोळा उघडला नाही. दहाव्या दिवशी उघडला आणि पहिला शब्द काढला तो चिंचगुळाच्या आमटीचा. भिवराने तिथल्या तिथे पदर पसरला: ‘आई कडजाई, पोर उठली तर माझ्या हातानं गावाला आमटी-भात वाढीन.’ पोर उठली.

नवस एकटीचा, पण फेडायची वेळ आली तेव्हा तो गावाचा झाला. पाटलांनी शेजारच्या गावांना आवतणे धाडली. पाहुणे येणार म्हटल्यावर भिवराची भांडी पाटलांच्या डोळ्यांत सलू लागली. होते काय तिच्याकडे? धुराने काळी झालेली मोठी मडकी, लांब दांड्याचा लाकडी डाव आणि आजेसासूच्या हातची विळी. दिसायला भिकार, पण तिच्या हाताला बसलेली.

पाटील चार पुरुष घेऊन बाजाराला गेले. त्या चौघांत कधी चूल पेटवलेला एकही नव्हता. विळी आणली ती मोराच्या डोक्याची. मोर सुरेख, पण पात्याने भोपळा कापेना. डाव आणला नक्षीचा, पण दांडा एवढा आखूड की ढवळताना हात आमटीत जावा. आणि आणला पितळेचा भला थोरला हंडा. त्याला आतून कल्हई होती, पण ती करडी दिसते म्हणून या शहाण्यांनी विटेची पूड लावून दोन दिवस घासघासून काढली. हंडा आतूनही सोन्यासारखा चमकायला लागला. पुरुष खूश!

भिवरा म्हणाली, ‘पाटील, आंबट शिजवायचं म्हंजे आत कल्हई पायजे. न्हायतर माझी मडकी चढवते.’

‘देवीम्होरं काळी मडकी?’ पाटील त्या चौघांशी बोलता बोलता म्हणाले. ‘गावाची अब्रू हाय का न्हाई? तू आपली रांध.’

तिने तीनदा सांगितले म्हणे, आणि तिन्ही वेळा ऐकणारा दुसऱ्याशीच बोलत होता. हे ऐकताना मला आजही चीड येते. तिची मडकी कोणी तरी उचलून गोठ्याच्या आडोशाला नेऊन ठेवली. शेवटी रांधले तिने त्याच हंड्यात. पटकन शिजवून पटकन वाढू, एवढीच तिची आशा. पण पाहुण्यांची पालखी आली नाही. पालखीवाचून पंगत बसवायची नाही, असा पाटलांचा हुकूम. सकाळची आमटी उन्हे कलेपर्यंत निखाऱ्यांवर, हंड्यातच बसून राहिली.

पालखी आली, पंगत मांडली. पहिली पंगत पोरांची. सगुणा पत्रावळ धरून अगदी पुढे बसली होती, तिच्यासाठीच तर सगळे होते. भिवराने हंड्यावरचे झाकण काढले. काठाला हिरवे कडे धरले होते. डावाने थेंब घेऊन जिभेला लावला, तशी जीभ आखडली. चिंचेने पितळ खाल्ले होते, आमटी कळकली होती.

‘वाढू नका. इख झालंय ह्याचं.’

पाटील पाहुण्यांकडे बघत दबक्या आवाजात म्हणाले, ‘नवसाचं अन्न हाय भिवरे. सांडलंस तर देवी पोर माघारी न्हेईल.’

आता तुम्हीच सांगा, त्या बाईने काय करावे? वाढावे तर पोरे विष खाणार. सांडावे तर दिलेला शब्द मोडणार आणि त्याची भरपाई म्हणून समोर बसलेली लेक. सांगतात की तिने एकदा सगुणाकडे पाहिले, एकदा देवळाच्या दाराकडे. मग खांदा लावून हंडा लोटला. आमटी तिच्या पावलांवरून कातळभर वाहत गेली. पावले पोळली. आणि जिथून जिथून आमटी गेली, तिथे काळा दगड सगळ्यांच्या देखत हिरवा झाला.

पाटलांनी वाकून बघितले आणि म्हणाले, ‘शेवाळ असंल.’

म्हणून म्हटले, मला शेवाळ सांगू नका.

भिवरा पोळल्या पावलांनी गोठ्याच्या आडोशाला गेली आणि मडकी घेऊन आली. दिवस बुडायच्या आत तिने पुन्हा आमटी केली, स्वतः वाढली. सगुणा दोनदा मागून जेवली. देवीने काही नेले नाही. उलट सगुणा नातवंडे-पतवंडे बघून गेली, असे म्हणतात. दुसऱ्या दिवशी पाटील ओशाळे होऊन आले, पुढल्या साली कोणती भांडी घ्यावीत ते विचारायला. भिवरा पावलांना लोणी लावत होती. ती म्हणाली, ‘आधी इचारा, रांधणार कोण? आन् तिच्या हातात द्या.’

आजही आमच्या जत्रेत भांडेवाला पहिल्यांदा ‘रांधणार कोण?’ असे विचारतो, आणि जो हात पुढे येतो त्याच्याच हातात वस्तू देतो. बाई हंड्यात चिंच चोळते, थांबते, चव बघते. विळीवर भोपळ्याची फोड कापून बघते. डाव रिकाम्या भांड्यात फिरवून बघते. रांधणारा पुरुष असेल तर त्याने पुढे यावे. बाकीच्यांनी पिशव्या धरून उभे राहावे.

आणि यंदा काय झाले माहीत आहे? देवस्थानच्या समितीने शहरातून चार नवे हंडे आणले. सातही सभासद पुरुष. हंड्यांबरोबर फोटो काढले, हार घातले. मी आत डोकावले, तर आतून लख्ख पिवळे. कल्हईचा पत्ता नाही. अध्यक्षांना सांगितले, तर ते फोनवर बोलता बोलता म्हणाले, ‘बघू आजी.’ दोनदा सांगून झाले आहे.

उद्या नैवेद्य. ही बघा, कनवटीला चिंच बांधलेली आहे. उद्या तिसऱ्यांदा सांगेन. आणि हो, कातळ नीट बघून जा. आजही अर्ध्याहून जास्त काळाच आहे. जागा पुष्कळ आहे अजून.