लांबून पाणी घालणारी ठकू

लई जुनी गोष्ट. खैरमाळच्या वाडीला तेव्हा विहीर एकच होती आणि सावली कुठंच नव्हती. बाजारच्या वाटेवर ठकूचा नवरा डोक्यावर ओझं असताना उन्हानं पडला, तो उठलाच नाही. आषाढ लागल्यावर ठकूनं त्या वाटेला करंजाची वीस रोपं लावली.

पाटील म्हणाला, "विहिरीचं पाणी नेतेस, ने. पण झाडं मेली तर वाडी सोडायची."

"सोडीन," ठकू म्हणाली.

पाऊस सरला तशी ती पाणी घालू लागली, पण आठ दिवसांनी एकदा. तेही बुंध्याला नाही. रोपापासून वीतभर लांब गोल आळं खणायची आणि त्यात घागर रिती करायची. दर महिन्याला आळं आणखी वीतभर लांब. रोपं माना टाकायची.

बाया म्हणायच्या, "नवरा खाल्लास, आता झाडं खा, कैदाशिणी!"

ठकू म्हणायची, "बसल्या जागी घास मिळाला तर लेकरू चालायला कशाला शिकेल?"

असं म्हणतात, झाडांना पाणी नाही त्या दिवशी तीही घोट घ्यायची नाही. खरंखोटं देव जाणे. ओठ मात्र फुटलेले असायचे.

पाटलीणबाईला रोपांची कीव आली. कडेच्या पाच रोपांच्या बुंध्याशी ती गुपचूप रोज तांब्या ओतू लागली. ती पाचच टवटवीत. लोक त्यांचंच कौतुक करायचे. लोकांना काय, हिरवं दिसलं की झालं.

दुसऱ्या उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसला. माणसांनाच पाणी नाही, तिथं झाडांना कुठलं? आठ दिवसांत ती लाडाची पाच वाळून काटक्या झाली. पाटलानं उपटली, तर मुळं बोटभर, सगळी वरच्या वर.

"मेली. बोली म्हणजे बोली," पाटील म्हणाला. ठकूनं गाठोडं बांधलं.

तेव्हा पाटलीणबाई पुढं झाली. "ती पाच माझ्या हातानं मेली. तिची पंधरा बघा की!"

पंधराही हिरवीगार होती, पण पाटील बोलीवर अडून राहिला. ठकूनं जाता जाता शेवटच्या करंजाशी भुईला कान लावला. आत घटाघटा पाणी पिण्याचा आवाज. असं म्हणतात, पाटलानंही कान लावला आणि तो तिथंच गुडघ्यावर बसला. लोकांनी खणलं, तर पुरुषभर खाली मुळांनी खडक फोडलेला आणि खडकाला पाझर लागलेला. त्या पाण्यावर वाडी जगली.

"राहा बाई," पाटील म्हणाला.

अजूनही आमच्याकडं नव्या रोपाचं कुणी लगेच कौतुक करत नाही. त्यानं दुसरा उन्हाळा काढला, की वाडीतला सगळ्यात थोरला माणूस घागर घेऊन येतो, बुंध्यापासून हातभर लांब पाणी ओततो, डोक्याचं पागोटं काढतो आणि त्या झाडाला म्हणतो, "राहा बाई."