मिशीच्या केसांची माशी

आंबेखोल संस्थानच्या राजेसाहेबांनी सातही माश्या एकामागून एक भिंगाखाली धरल्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. सगळ्यांवरचं रेशीम उलट्या बाजूने गुंडाळलेलं होतं. काम डावखुऱ्या हाताचं होतं, आणि समोर बसलेल्या सात सरदारांत डावखुरा एकही नव्हता.

या माश्या काही खऱ्या नव्हत्या. गळाला मोराचं नाहीतर कोंबड्याचं पीस रेशमाने बांधून माशी बनवायची, ती पाण्यावर नाचवायची आणि किडा समजून झेपावलेला खडस मासा काठावर ओढायचा, हा राजेसाहेबांचा छंद. त्यांना छंद जडला म्हटल्यावर तो सरदारांनाही जडला. दरवर्षी केतकी नदीच्या काठी शामियाना पडे आणि कोणाची माशी सरस याची स्पर्धा होई. स्पर्धा म्हणायला मैत्रीची. पण पहिला येईल त्याला वर्षभर राजेसाहेबांच्या शेजारी बसायला मिळे, त्यामुळे आधीचे दोन महिने सरदार एकमेकांशी बोलत नसत.

चौकशीत कळलं की सातही माश्या चिमा भोईणीने बांधल्या होत्या. चिमाचं घराणं केतकीच्या राजडोहात मासे धरून जगत होतं. प्रत्येक सरदाराचा गडी मागच्या दाराने तिच्याकडे येई, पिसं देई, माशी घेऊन जाई, आणि प्रत्येक सरदाराला वाटे की ही युक्ती आपल्या एकट्यालाच सुचली आहे. आता पकडले गेल्यावर सरदार हैबतरावांनी सगळ्यांच्या वतीने सांगितलं की बाई फार फसवी आहे, सरळ माणसांना तिनेच नादी लावलं. बाकीच्या सहांनी माना डोलावल्या.

चिमाला बोलावणं गेलं. ती ओल्या लुगड्यानिशीच आली. मला बांधायला सांगितलं ते मी बांधलं, खाली नाव कोणाचं लागणार हे मला कोणी सांगितलं नाही, असं तिने शांतपणे सांगितलं. त्यावर राजेसाहेब जास्तच तापले.

"एवढी हुशार आहेस ना," ते म्हणाले, "तर आठ दिवसांनी पुन्हा स्पर्धा. हे सातजण स्वतःच्या हाताने माशी बांधतील. तू मात्र अशी माशी आणायची, जिला गळ नाही, पीस नाही, रेशीम नाही. आणि तिला शिकार लागली पाहिजे. नाही जमलं तर तुझ्या सगळ्या भावकीने राजडोह सोडायचा."

भोईवस्तीत त्या दिवशी चूल पेटली नाही. चिमाच्या दिराने तर जाळी गुंडाळायलाही घेतली. चिमाचाही जीव थाऱ्यावर नव्हता. दोन दिवस ती डोहाकाठी नुसती बसून राहिली. तिसऱ्या दिवशी उठली, माशाच्या चार तुकड्या तळल्या आणि त्या घेऊन लिंबाजी न्हाव्याकडे गेली. संस्थानातली सगळी मोठी माणसं याच लिंबाजीच्या वस्तऱ्याखाली मान देत.

"मिशीच्या केसांनी बांधलेल्या माशीपुढे यंदा दुसरी टिकायची नाही म्हणे," ती हळूच म्हणाली. "तुमच्यापाशी म्हणून बोलले, लिंबाजीभाऊ. कोणाला सांगू नका."

लिंबाजीने वस्तऱ्याची शपथ घेतली. हैबतरावांच्या ओसरीवर पोचेपर्यंत त्याने ती पाळलीसुद्धा.

स्पर्धेच्या दिवशी सातही सरदार तोंडाला उपरणं गुंडाळून आले. राजेसाहेबांनी आधी पडशाची चौकशी केली, मग संशय येऊन उपरणी काढायला लावली. चौघांची अर्धीच मिशी शिल्लक होती, कारण सगळी द्यायला मन झालं नव्हतं. दोघांनी ती मुळापासून उतरवली होती. सातव्याची मुळातच विरळ, म्हणून त्याने कल्ल्यांचीही भर घातली होती. राजेसाहेब दचकून उठले.

"अरे, एकदम सात घरांत कोण वारलं?"

समोरच्या बशांत सात केसाळ माश्या पडल्या होत्या. हैबतरावांच्या माशीचा कलप सुटून बशीत काळं पाणी झालं होतं.

राजेसाहेबांनी चिमाकडे पाहिलं आणि तिची माशी कुठे आहे असं विचारलं.

"पाच दिवसांपूर्वीच सोडली, सरकार. लिंबाजीभाऊंच्या कानात," चिमा म्हणाली. "गळ नाही, पीस नाही, रेशीम नाही. नुसतं एक वाक्य." मग तिने सरदारांच्या रांगेकडे हात केला. "एका फेकीत सात लागले."

राजेसाहेबांचे ओठ हलले, पण त्यांनी हसू दाबलं. त्यांना आणखी एक विचारायचं होतं.

"आमची दाढीही लिंबाजीच करतो. मग आम्ही कसे सुटलो?"

सातही सरदारांनी लिंबाजीकडे डोळे वटारले. लिंबाजी स्वतःच्या पायांकडे बघत राहिला.

"ती आपल्यापर्यंत पोचलीच नाही, सरकार," चिमा म्हणाली. "ही मंडळी आपल्यापर्यंत खरं पोचू देत नाहीत, तिथे खोटं कुठून पोचणार?"

राजेसाहेबांनी स्वतःची मिशी एकदा चाचपून पाहिली. आणि मग ते जे हसत सुटले, ते डोळ्यांना पाणी येऊन लोडावर कलंडेपर्यंत. हसू ओसरल्यावर त्यांनी राजडोह भोईवस्तीच्या नावाने कायमचा लिहून दिला आणि चिमाला स्पर्धेची परीक्षक नेमलं.

पुढच्या वर्षी सातही सरदार तिच्यासमोर मांडी घालून स्वतःच्या हाताने माश्या बांधायला बसले. चार माश्या फुंकर मारताच सुटल्या, दोन कोणालाच ओळखता आल्या नाहीत, आणि हैबतरावांची माशी त्यांच्याच अंगठ्यात रुतली. ती काढायला वैद्य बोलवावा लागला. चिमाने पहिला नंबर वैद्यांना दिला.