दाटीचा कॅमेरा

खटाक! फार वर्षांपूर्वी एका बाजारपेठेतल्या दुकानात हा आवाज झाला, की फळीवरचे दोन जुने रिळाचे कॅमेरे जागे होत. गिऱ्हाईक खटका दाबून बघत असे.

एकाचं चित्र लांबट येई, दुसऱ्याचं चौकोनी.

"माझ्यात अख्खी वरात मावते. तू आपला तोकडाच!" लांबट हसे.

चौकोनी गोंधळून जाई. कडेची माणसं आपल्यालाच का दिसत नाहीत, हे त्याला उमजत नसे.

एकदा जत्रेत फोटो काढणारा सोपान आला. दोन्हींची किंमत सारखीच होती, ती त्याने आधीच देऊन टाकली. संगे आई हौसाई आणि धाकटा भाऊ दगडू होते. विहिरीच्या वाटणीवरून भाऊ वर्षभर बोलत नव्हते. पहिला फोटो दोघांचाच, अशी आईची अट होती.

दुकानदाराने त्यांना उभं करून लांबटातून पाहिलं. दोघे दोन टोकांना सहज मावले.

"हाच घेतो. कुणाला सरकायला नको," सोपान म्हणाला.

चौकोनीतून मात्र दोघांचे अर्धेच चेहरे दिसले, आणि दुकानदाराला मागे सरायला जागा नव्हती.

"जरा जवळ या, पाव्हणं," तो म्हणाला.

कुरकुरत ते सरकले. खांद्याला खांदा लागला.

"दादा, अजून विड्या फुकतोस व्हय?" दगडू पुटपुटला.

सोपानला हसू आलं. ते दाबून तो म्हणाला, "लांबटच बरा. यात दाटी होते."

दाटी वाईट की चांगली? चौकोनीला काही कळेना.

हौसाईने त्याला उचललं, पदराखाली धरलं आणि ती पायऱ्या उतरून चालू लागली.