भोक बुजवलेला रुपया

“मग भोक पडलेलं नाणं नाणंच नव्हे, असं म्हणतोस?” भीकनाथबाबांनी विचारलं.

“नाणं आहे, बाबा. पण त्याला नंबर मिळत नाही,” किरण म्हणाला.

भर दुपार होती. वडजाईच्या डोंगरावरचा नाथांचा मठ उन्हात चिडीचूप पडला होता. चिंचेच्या पाराच्या दगडी पायरीवर म्हातारे बाबा आणि समोर किरण शेलार, दोघंच. तिसरं मठाचं कुत्रं, तेही जीभ काढून आडवं झालेलं. कुठंतरी एक होला घुमत होता.

किरण पुण्यात जुन्या नाण्यांची पारख करणाऱ्या कंपनीत मुख्य पारखी होता. लोक नाणी पाठवायचे. हा ती भिंगाखाली धरून सत्तरपैकी नंबर द्यायचा आणि नाणं पारदर्शक डबीत कायमचं बंद करायचा. घासलेलं, कापलेलं, भोक पाडलेलं नाणं आलं, तर नंबराच्या जागी नुसतं ‘खराब’ लिहायचं, अशी आजवरची रीत. आता नवे नियम लिहायचं काम त्याच्याकडे आलं होतं आणि त्याचं मत याहून कडक होतं. डागी नाण्याला डबीसुद्धा द्यायची नाही. आलं तसं परत पाठवायचं.

हे सगळं तो मोठ्या ऐटीत सांगत होता. पण ऐट वरवरची होती. माणूस घाबरला की गरजेपेक्षा जास्त बोलतो, आणि बाबांनी असली माणसं पुष्कळ पाहिली होती.

“नियम सांगायला एवढा डोंगर चढून आलास व्हय?”

किरणनं वळून फाटकाकडे पाहिलं.

“हाक येते, बाबा,” तो शेवटी म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. गेले काही दिवस, ऐन दुपारी, त्याला कुणीतरी नावानं बोलावत होतं. आधी खालच्या रस्त्यावरून. मग जिन्यातून. परवा तर अगदी उंबऱ्यातून. दार उघडून बघावं तर कुणी नाही, आणि बायकोला काही ऐकूच आलेलं नाही. अशा हाकेला ओ देऊ नये, दिली की माणूस चार दिवसही काढत नाही, हे त्याला आईनं लहानपणीच सांगून ठेवलं होतं. पण आवाज मोठा मायेचा होता. परवा ओ ओठांपर्यंत आली होती.

“पुढच्या खेपेला मला आवरणार नाही, बाबा. मला मरायचं नाही.”

“कोणत्या नावानं हाक येते?”

“किरण.”

“हं... आणि आई कोणत्या नावानं हाक मारायची?”

किरणनं मान खाली घातली. ते नाव त्याला कधीच आवडलं नव्हतं.

“केरू,” तो म्हणाला.

त्याच्या आधीची चार भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून हा जन्मल्याबरोबर आईनं त्याला उकिरड्यावर ठेवला, शेजारणीला उचलायला लावला आणि मूठभर कोंडा देऊन तिच्याकडून परत घेतला. नाव ठेवलं केरू. मग त्याला घेऊन ती हा डोंगर चढली. बाबांनी चांदीच्या एका रुपयाला भोक पाडून तो त्याच्या गळ्यात बांधला. गावात कुणाला यात नवल वाटलं नाही. शाळेत मात्र पोरं त्याला बघून नाक धरायची. मॅट्रिकच्या फॉर्मवर त्यानं नाव बदलून टाकलं. रुपयाला आई असेपर्यंत हात लावायची छाती झाली नाही.

गंमत अशी, की नाणं दगडावर टाकून आवाजावरून अख्खं की डागी ते ओळखायचं, ही विद्या त्याला याच अंगणात बाबांनी शिकवली होती. पोटापाण्याला तीच लागली होती.

“रुपया कुठाय?” बाबांनी विचारलं.

किरणनं खिशातून डबी काढली. एवढ्या भीतीतही त्याचा चेहरा उजळला. आई गेल्यावर त्यानं दोरा कापला होता आणि एका कसबी कारागिराकडून भोक बुजवून घेतलं होतं. चांदी त्याच काळातली, कडेची नक्षी पुन्हा कोरलेली, वर जुनेपणाचा काळपट रंग चढवलेला. मग दुसऱ्याच्या नावानं तो रुपया त्यानं आपल्याच कंपनीत पाठवला. हाताखालच्या सगळ्या पारख्यांनी भिंग लावून पाहिला. एकालाही सापडलं नाही. नंबर मिळाला, पन्नास.

जगाची डागी नाणी परत करायला निघालेला माणूस, आणि स्वतःचं असं लपवून आत घातलं. आईच्या रुपयाचा डाग आपण पुसला, असंच त्याला वाटत होतं.

“हाका कधीपासनं सुरू झाल्या?” बाबांनी विचारलं.

“त्याच्यानंतरच...”

बाबांनी डबी कानाजवळ धरून हलवली. डबीतलं नाणं वाजत नाही.

“अख्खा दिसतोय.”

“कुणालाही अख्खाच दिसेल, बाबा.”

“कुणालाही...” बाबा पुटपुटले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या कपाळाला आठी पडली.

त्यांनी जटा मागे सारल्या. दीक्षेच्या वेळी गुरूनं सुरीनं चिरलेले कान, त्यांत जड कुंडलं. पाळ्या ओघळून पार गळ्याशी आल्या होत्या.

“ह्यांना किती नंबर देशील?”

किरणला खोटं बोलवेना. “खराब,” तो म्हणाला.

“म्हणून अजून हितं बसलोय.”

होला घुमायचा थांबला.

कुत्रं उठून उभं राहिलं. ते फाटकाकडे बघत होतं. फाटकात कुणीच नव्हतं. मग त्याची नजर हळूहळू सरकायला लागली... फाटकापासून तुळशीपर्यंत, तुळशीपासून कुंडाच्या पायऱ्यांपर्यंत, तिथून चिंचेकडे. कुणीतरी सावकाश चालत येत असावं, तशी. शेपूट पायात घालून कुत्रं मागे सरकलं.

“किरण...”

जेवायला वाढलंय म्हणून घरातलं कुणी बोलावतं ना, तसा आवाज. अगदी पाठीमागून. त्याचं तोंड उघडलं.

बाबांचा हात त्याच्या तोंडावर बसला. दुसऱ्या हातानं त्यांनी झोळीतून भोक पाडायचा लोखंडी टोचा काढला आणि एका धोंड्यासकट त्याच्यापुढे ठेवला.

किरण एरवी नाण्याला उघड्या बोटांनी शिवत नसे. त्यानं धोंड्यानं डबी फोडली. नंबराचे तुकडे धुळीत पडले. रुपया पायरीवर ठेवला, बुजवलेल्या जागी टोचा टेकवला... आणि हात थांबला. असं काम पुन्हा कुणाला जमणार नव्हतं. इतकी वर्षं लाज वाटली त्या रुपयाची, आणि आता कुठं तो अख्खा झाला होता.

“किरण...”

आता अगदी कानाशी. मानेवर गार श्वास लागला.

त्यानं घाव घातला.

चांदीचा तो एवढासा तुकडा निसटून उडाला. रुपया पायरीवरून खाली पडला आणि बद्द वाजला. बाबांनी तो उचलला, कफनीचा एक दोरा ओढून भोकातून ओवला आणि किरणच्या गळ्यात बांधला. गाठ त्यांनी दोनदा मारली.

कुत्र्याची नजर आल्या वाटेनं परत निघाली. चिंचेपासून कुंडापर्यंत, कुंडापासून तुळशीपर्यंत, मग फाटक... मग फाटकाबाहेर. ते पुन्हा आडवं झालं. होला घुमायला लागला.

“केरू, पाणी पी,” बाबा म्हणाले.

“ओ,” तो म्हणाला, आणि तांब्या तोंडाला लावून रडायला लागला.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, “कोण होतं, बाबा?”

बाबा धुळीतले डबीचे तुकडे वेचत होते.

“तुझ्याच धंद्यातला. डागी माल परत करतो.”