मिठागरातले कोल्हे

एका राज्यात पाऊस रुसला होता आणि राजा युद्ध हरून आला होता. पुष्पसेन त्याचं नाव. कोठारं रिकामी पडलेली, सैनिक लंगडत परतलेले, आणि घरोघरी एकच धुसफूस, की आपल्यावरच ही पाळी का आली? राजाला उत्तर ठाऊक होतं, पण ते सांगायची छाती त्याला नव्हती.

अशा वेळी धूम्रकेश नावाचा मांत्रिक आला. त्यानं भरचौकात जमीन उकरली आणि सोन्याचा एक मुकुट वर काढला.

"हा तुमच्या पूर्वजांचा," तो गरजला. "ते पृथ्वीचे धनी होते. तुम्ही भिकारी झालात, कारण मिठागरातल्या लोकांनी तुमच्या विहिरींत विष कालवलं!"

मुकुट शापित होता. त्याच्याकडे टक लावणाऱ्याला आपण ताडमाड उंच झालो असं वाटे, आणि धूम्रकेश ज्याच्याकडे बोट दाखवी त्याचं तोंड कोल्ह्याचं दिसे. उपाशी लोकांना ते उंच होणं भाकरीहून गोड लागलं. सरदार आपसांत हसले. कुत्रं भुंकतंय खरं, पण साखळी आपल्या हाती आहे, असं म्हणून त्यांनीच त्याला राजवाड्यात जागा दिली. मोठे शहाणेच ते!

हंसावळी रंगारीणही मुकुट बघायला गेली. चार जणींहून मोठ्यानं तिनं जयजयकार केला. घरी आली तर चुलीपुढं एक कोल्हा भाकरी थापत बसलेला. तिनं मुसळ उचललं आणि त्याला हाणत हाणत दाराबाहेर घातलं. बाहेर शिपाई होतेच, त्यांनी त्याला फरपटत नेलं. तव्यावरची भाकरी करपली, तेव्हा कुठं ती भानावर आली. तो तिचा नवरा होता, मिठागरात जन्मलेला. घरात भाकरी तोच करी, कारण तिचे हात सदा रंगात बुडालेले.

मग विहिरी बंद झाल्या, मिठागरं जप्त झाली, आणि फर्मान निघालं, की कोल्ह्यांना नावं नसतात, त्यांचं नाव घेणाऱ्याला शिक्षा होईल. विषाचा पुरावा मागणाऱ्या पंतोजींना कोल्ह्याचं मुस्कट फुटलं. टाळ्या हळू वाजवल्या म्हणून एका म्हाताऱ्यालाही फुटलं. बोलणाऱ्या राघूंना मुकुटाचा जयजयकार तेवढा शिकवला, बाकीचे शब्द विसरायला लावले. वेशीवर मारलेले कोल्हे टांगले जाऊ लागले, आणि उरलेल्यांची शिकार जत्रेच्या दिवशी ठरली.

हंसावळी रंगाच्या कढईशी रडत बसली होती. तिथं टिटवी आली. टिटवीला कुणी काही शिकवू शकत नाही.

"नवरा हवा?" टिटवीनं विचारलं.

"हवा."

"तर तीन कामं कर. बंद केलेल्या विहिरीचं पाणी पी. राजाच्या तोंडून खरं ऐक. आणि ज्याचं नाव तू कधी घेतलं नाहीस, त्याचं नाव भरचौकात घे."

हंसावळी विहिरीत उतरली. तळाशी ओंजळभर गढूळ पाणी होतं. ते तिनं प्यायलं आणि मरणाची वाट पाहत बसली. मरण आलं नाही.

मग ती राजाकडं गेली. "महाराज, विहिरीत विष नाही. तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"प्रजा माझ्यावर चिडली असती," पुष्पसेन खाली मान घालून म्हणाला. "ती त्यांच्यावर चिडली. मला हायसं वाटलं."

जत्रेच्या दिवशी कोल्हमुखी माणसं चौकात दोरीनं बांधून आणली. सगळी गर्दी मुकुटापुढं वाकली. हंसावळी मुकुटाकडं पाठ करून उभी राहिली. तिची जीभ उचलेना. शिक्षेचं भय होतंच, वर लग्नाच्या बायकोनं नवऱ्याचं नाव घेण्याची रीत त्या राज्यात नव्हती.

"सागरदत्त!" ती ओरडली.

बायकांनी पदर तोंडाला लावले. एक दगड तिच्या कपाळावर बसला. रक्त पुसून ती पुन्हा ओरडली, "सागरदत्त! विहिरीचं पाणी मी प्यायले आहे. त्यात विष नाही!"

दोरीतल्या एका कोल्ह्याचं मुस्कट आत गेलं आणि माणसाचं तोंड दिसलं. मग एका कुंभारणीनं चाचरत आपल्या शेजारणीला हाक मारली, "रंभे!" कुणी पंतोजींना हाक मारली. एकेका नावासरशी मुकुटाला पोचा पडत गेला, आणि शेवटी त्याचा भुगा झाला. धूम्रकेश बोट रोखून उभा होता, पण बोटाकडं कुणी बघेना. त्याला बांधायला पुढं धावले ते तेच सरदार.

तेवढ्यात वेशीकडून किंकाळी आली. टांगलेल्या कोल्ह्यांची कातडी गळून पडली होती आणि तिथं माणसं लटकत होती. ज्यांनी शिकार केली होती, त्यांना आता आपापल्या ओळखीचे चेहरे खाली उतरवावे लागले. राजानं अनवाणी उभं राहून आपला अपराध सांगितला, विहिरी खुल्या केल्या, मिठागरं ज्यांची त्यांना दिली. शाप फिटला, राज्य ठिकाणावर आलं.

सागरदत्त घरी आला. हंसावळीनं पाय धुवायला पाणी दिलं.

"पुन्हा पाऊस रुसला, पुन्हा कुणी मुकुट आणला, तर?" त्यानं विचारलं.

"ठाऊक नाही," ती रडत म्हणाली. "मी तशी नाही, असंच मला वाटत होतं."

त्यानं पाय धुतले, पण उंबरा ओलांडला नाही. ओसरीवर घोंगडी पसरून तो आडवा झाला. पुढं पाऊस पडला, शेतं पिकली, तरी त्याचं अंथरूण ओसरीवरच होतं.